वीस मिनिटं

नझमीनच्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण एकशे चार पानांचं आहे
आणि त्यातलं फुरसं कुणालाच चावत नाही.
ते उणे ऐंशी अंशांत, बोटाएवढ्या कुपीत,
चिठ्ठी लावून निजलेलं असतं :
देवगड, कातळ, मार्च, मादी.

आम्ही तिघं. क्लेटस पेशी वाढवतो,
मी रक्तातली प्रथिनं मोजते,
आणि सुट्टी जुळली की एसटीने इथे येतो,
गुंडाळलेल्या पोस्टरला खिडकीची जागा देऊन.

सगळा घाट आम्ही शब्दावरच भांडलो.
क्लेटस म्हणाला, साकळणं. नझमीन म्हणाली, गोठणं.
मी म्हटलं, गोठणं म्हटलं की जेटीवर
बर्फाचा कारखाना आठवतो लोकांना.
कणकवलीला चहा प्यायलो. निकाल लागला नाही.

तारामुंबरीला दुपार. होड्या वर ओढलेल्या.
पोस्टरच्या चार कोपऱ्यांवर चार जांभे दगड,
तरी वारा मधला भाग फुगवत होता,
आणि फुरशाचं चित्र श्वास घेतल्यासारखं हलत होतं.
नझमीनने घसा साफ केला :
फुरसं चावलं की रक्त गोठत नाही.

शेवटच्या ओळीतला एक पोरगा, हातात अर्धा पेरू :
"रगात गोठला तर माणूस मरता ना?
मगे नाय गोठला तां बराच की!"

सगळे हसले. आम्हीही.
मग आमचं हसणं आधी थांबलं.
साडेचार वर्षांत एकाही परीक्षकाने
हे विचारलं नव्हतं.

मी पुढे झाले. म्हटलं, तसं नाही,
विष आधी रक्ताला गोठायलाच लावतं,
उगाच, जागोजाग, बारीक बारीक,
त्यात ते प्रथिन खर्ची पडतं, आणि नंतर…
नंतर माझ्याकडे फक्त आलेख होता.
तो खाली उतरत होता. तो उतरताना
फक्त मलाच दिसत होता.

बुधाजी कोयंडे जाळं शिवत बसले होते,
एक कड पायाच्या अंगठ्यात अडकवलेली.
मान वर न करता म्हणाले,
"म्हंजे असां सांगा.
सूत सगळा नको थंय विणून संपला,
मगे खरी जाळी फाटली
तर शिवतलास कशान?"

आणि दाताने दोरा तोडला.

क्लेटसने ते तळहातावर लिहून घेतलं,
पेन चालेना म्हणून दोनदा गिरवून.
नझमीनने प्रबंधात घातलं.
सरांनी लाल शाईत लिहिलं : उपमा टाळाव्यात.
तिने टाळली. तळटीपेत नेऊन ठेवली.

नोव्हेंबरात नर्सबाईंचा फोन आला, रात्री दहाला.
तोच पोरगा. मावशीला घेऊन आलेला.
गवत कापताना घोट्याला.
घरात कुणी मांत्रिकाचं नाव काढलं
तर हा रिक्षा घेऊन दारात.
आणि केंद्रावर पोचल्या पोचल्या म्हणे,
"काचेच्या नळयेत घाला, प्लॅस्टिक नको,
हालवू नका, आणि माका सांगा,
सूत शिल्लक आसा काय नाय."

नळी टेबलावर उभी केली.
नर्सबाई सांगत होत्या, वीस मिनिटं
तो घड्याळाकडे बघत नव्हता, नळीकडे बघत होता,
आणि मावशी त्याला परत परत विचारत होती
तू जेवलास काय.

नळी तिरकी केली.
रक्त पाण्यासारखं कडेला गेलं.

प्रतिविष होतं. ते पुरलं.
तिसऱ्या दिवशी मावशी घरी गेली,
आणि तिची पहिली तक्रार अशी
की कोयता कातळावरच राहिला,
नवीन होता, आणि आणायला
कुणी जायला तयार नाही.

फोन ठेवला तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटी होते.
फ्रीजर घरघरत होता.
काहीतरी नोंदवायला हवं म्हणून वही उघडली,
तारीख घातली,
आणि स्तंभ कुठला, ते सुचेना.